वेग स्वस्त झाल्यावर

शुक्रवार, १९ सप्टेंबर २०२५ रोजी संध्याकाळी जर्मनीतल्या श्टुटगार्टहून पोर्शे कंपनीने गुंतवणूकदारांसाठी एक निवेदन काढलं. आपल्या कायेन मॉडेलपेक्षा मोठी अशी जी एसयूव्ही केवळ इलेक्ट्रिक म्हणून आखली होती, ती आता आधी पेट्रोल आणि प्लग-इन हायब्रीड रूपात येईल. पुढच्या दशकातल्या इलेक्ट्रिक गाड्यांसाठी घडवला जात असलेला नवा सांगाडा लांबणीवर पडला आहे. आणि या फेरविचारापोटी चालू वर्षात १.८ अब्ज युरोपर्यंतचा बोजा सोसावा लागेल, असं त्यात म्हटलं होतं. याच कंपनीने मार्च २०२२ मध्ये जाहीर केलं होतं की, २०३० साली आपण विकलेल्या दर दहा गाड्यांपैकी आठ निव्वळ विजेवर चालणाऱ्या असतील. त्यानंतर सहा महिन्यांनी, २९ सप्टेंबर २०२२ ला, तिचे शेअर फ्रँकफर्टच्या बाजारात आले तेव्हा कंपनीचं मोल सुमारे ७५ अब्ज युरो धरलं गेलं. २०२५ च्या पहिल्या नऊ महिन्यांचा हिशेब लागला तेव्हा कामकाजातला नफा अवघा ४ कोटी युरो उरला होता. आदल्या वर्षी याच नऊ महिन्यांत तो ४ अब्ज युरोंच्या वर होता.

या घटनाक्रमातून एक निष्कर्ष हातोहात काढला गेला. श्रीमंत हौशी माणसाला इलेक्ट्रिक स्पोर्ट्स कार नकोच आहे, त्याला इंजिनाची गुरगुर हवी, पेट्रोलचा वास हवा; कंपन्यांनी सरकारी धोरणांच्या दडपणाखाली त्याच्या गळ्यात विजेची गाडी मारायचा प्रयत्न केला आणि तो अंगलट आला. मला हा निष्कर्ष अपुरा वाटतो. पोर्शेची इलेक्ट्रिक गाडी यंत्र म्हणून उत्तम आहे, अनेक बाबतींत तिच्या पेट्रोल भावंडांपेक्षा सरस आहे. चुकला तो व्यापाराचा हिशेब. ज्या गोष्टीसाठी लोक या कंपन्यांना पिढ्यान् पिढ्या घसघशीत पैसे मोजत आले, ती गोष्ट म्हणजे वेग, आणि इलेक्ट्रिक मोटरने वेग स्वस्त केला. आता या कंपन्यांकडे विकण्याजोगं दुर्मीळ काय उरतं, हा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर टिकाऊपणात आहे असं माझं मत आहे, आणि तिथे काम व्हायचं बाकी आहे.

पोर्शेने विजेकडे पाऊल उचललं ते काही अर्ध्या मनाने नव्हतं. सप्टेंबर २०१५ मध्ये फ्रँकफर्टच्या मोटर शोमध्ये तिने ‘मिशन ई’ नावाचा नमुना दाखवला. त्याच महिन्यात अमेरिकेत फोक्सवॅगन समूहाचा डिझेल घोटाळा उघडकीला आला, आणि पोर्शे त्याच समूहातली असल्यामुळे विजेकडे वळण्याची निकड एकाएकी वाढली. २०१८ साली कंपनीने या कामासाठी सहा अब्ज युरोंहून अधिक रक्कम ठेवली. त्सुफेनहाउझेन हा तिचा मूळ कारखाना शहराच्या वस्तीत अडकलेला आहे. त्याच आवारात, चालू कारखान्याच्या पोटात, नव्या गाडीसाठी दुसरा कारखाना उभारला गेला. हे काम बाहेर कुठे जाऊ नये म्हणून कामगारांनी आपल्या पगारवाढीतला थोडा हिस्सा वर्षानुवर्षं सोडायचं मान्य केलं. ४ सप्टेंबर २०१९ ला ही गाडी, टायकन, लोकांसमोर आली, तीही तीन खंडांत एकाच वेळी: नायगाराजवळ जलविद्युत, चीनमधल्या फूचौजवळच्या बेटावर पवनऊर्जा आणि बर्लिनजवळ सौरऊर्जा अशा पार्श्वभूमीवर. कंपनीचा मूळपुरुष फर्डिनांड पोर्शे याने तरुणपणी व्हिएन्नाच्या लोनर कंपनीसाठी चाकांतच मोटर बसवलेली विजेची गाडी केली होती आणि ती १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात मांडली गेली होती, याचीही आठवण कंपनी अभिमानाने देत असते. त्या गाडीची शिशाची बॅटरी चारशे किलोंच्या वर भरायची. टायकनची मोठी बॅटरी सहाशे किलोंच्या पुढे जाते. सव्वाशे वर्षांत साठवलेली ऊर्जा कितीतरी पटींनी वाढली, पण वजनाशी झुंज संपलेली नाही, आणि स्पोर्ट्स कारला वजनाइतका दुसरा वैरी नाही.

ती झुंज टायकनमध्ये कशी दिली गेली, हे जवळून पाहण्यासारखं आहे. २०१९ साली बाजारातल्या जवळजवळ सगळ्या इलेक्ट्रिक गाड्या ४०० व्होल्टवर चालत. पोर्शेने ८०० व्होल्ट निवडले. ले माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत २०१५, २०१६ आणि २०१७ अशी सलग तीन वर्षं जिंकलेल्या तिच्या ९१९ हायब्रीड गाडीत हा प्रयोग आधीच झाला होता. यामागचं गणित शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकातलं आहे. तीच शक्ती दुप्पट व्होल्टवर वाहून न्यायची तर विद्युतप्रवाह निम्मा लागतो. आणि तारेत उष्णतेच्या रूपाने होणारी नासाडी प्रवाहाच्या वर्गावर ठरत असल्याने ती चौथ्या हिश्श्यावर येते. म्हणून तारा बारीक चालतात, वजन वाचतं, चार्जिंगचा वेग वाढतो आणि गाडी वारंवार जोरात पळवली तरी तापून मंदावत नाही. तोपर्यंतच्या वेगवान इलेक्ट्रिक गाड्यांचं दुखणं नेमकं हेच होतं: एकदा-दोनदा जबरदस्त पिकअप, मग यंत्र थकायचं. पोर्शेने विमानतळाच्या धावपट्टीवर टायकन शून्यापासून ताशी २०० किलोमीटरपर्यंत सलग २६ वेळा पळवून दाखवली. बॅटरी जमिनीलगत पसरलेली असते, त्यामुळे मागे बसणाऱ्याचे गुडघे वर येतात आणि छप्पर उंच करावं लागतं. इथे बॅटरीच्या पेटीतच मागच्या प्रवाशांच्या पायांसाठी खळगे सोडले आणि छप्पर खालीच राहिलं. मागच्या मोटरला दोन गिअर दिले, एक सुटण्यासाठी आणि एक लांब पल्ल्यासाठी. रोजच्या वापरातलं नव्वद टक्के ब्रेकिंग चकत्यांना हात न लावता मोटरच जनित्रासारखी चालवून होतं आणि तीच वीज बॅटरीत परत जाते. या गाडीचं वजन दोन टनांहून जास्त आहे आणि तरी ती वळणावर जमिनीला धरून राहते, याची दाद देशोदेशीच्या समीक्षकांनी दिली. ग्राहकांनीही दिली. २०२१ साली टायकनच्या ४१,२९६ गाड्या गेल्या, आणि कंपनीची ओळख असलेल्या ९११ च्या ३८,४६४. विजेची स्पोर्ट्स कार कोणाला नकोच होती, असं म्हणणाऱ्यांनी हे आकडे आधी पाहायला हवेत.

मग पुढे काय बिघडलं? त्यासाठी थोडं मागे जाऊन वेगाच्या किमतीकडे पाहावं लागतं. १९६४ साली विक्रीला आलेल्या पहिल्या ९११ मध्ये १३० अश्वशक्तीचं इंजिन होतं आणि ताशी १०० किलोमीटर गाठायला तिला नऊ सेकंदांच्या आसपास लागत. १९७५ ची ९११ टर्बो २६० अश्वशक्तीची होती. रस्त्यावर धावणाऱ्या गाड्यांत तिचा तेव्हा दरारा होता. या दोन गाड्यांमधली वाढीव अश्वशक्ती मिळवायला किती कारागिरी लागली असेल! टर्बोचार्जरची भट्टीसारखी उष्णता सांभाळणारे धातू, इंधन अचूक सोडणाऱ्या यंत्रणा, मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत घासलेले पिस्टन. हे ज्ञान मोजक्या कारखान्यांत, मोजक्या माणसांच्या हातात होतं आणि म्हणून त्याला भाव होता. आता आपल्या चाकणला या. महिंद्रची बीई ६ ही इलेक्ट्रिक एसयूव्ही तिथल्या कारखान्यातून निघते. तिच्या ७९ किलोवॅट-तासांच्या मॉडेलची मोटर २१० किलोवॅटची, म्हणजे २८६ अश्वशक्तीची आहे, आणि कंपनीच्या आकड्यांप्रमाणे शंभरचा वेग ती ६.७ सेकंदांत घेते. पहिल्यांदा विक्रीला आली तेव्हा या मॉडेलची शोरूममधली किंमत सत्तावीस लाखांच्या आत होती. १९७५ च्या टर्बोला ती पळण्यात गाठू शकत नाही, कारण ती कितीतरी जड आहे. वळणावर तर तुलनाच नको. पण मूळच्या ९११ ला ती सरळ रस्त्यावर मागे टाकते, आणि शक्तीच्या बाबतीत टर्बोच्याही पुढे आहे. कुटुंबाला घेऊन महाबळेश्वरला जायच्या गाडीत हे आता सहज मिळतं. इलेक्ट्रिक मोटरचे फिरते भाग मोजके असतात, पहिल्या क्षणापासून तिचा पूर्ण जोर मिळतो, आणि शक्ती वाढवायची तर जास्त क्षमतेची मोटर, बॅटरी व नियंत्रक जोडले की बरंचसं काम होतं. शंभर वर्षांत साचलेलं इंजिनाचं गुप्त ज्ञान इथे फारसं कामी येत नाही.

चीनमध्ये याचा प्रत्यय सर्वांत जोरात आला. मोबाइल फोनसाठी आपल्याकडे घरोघरी माहीत असलेल्या शाओमी कंपनीने मार्च २०२४ मध्ये आपली पहिली गाडी, एसयू७, बाजारात आणली. चेहरामोहरा टायकनची आठवण करून देणारा, सुरुवातीची किंमत २,१५,९०० युआन. त्या वर्षाअखेरपर्यंत तिने एक लाख पस्तीस हजारांहून अधिक गाड्या ग्राहकांच्या हाती दिल्या. पुढे तिचं ‘अल्ट्रा’ रूप न्युरबर्गरिंगच्या जगप्रसिद्ध जर्मन ट्रॅकवर उतरलं आणि जून २०२५ मध्ये ७ मिनिटं ४.९५७ सेकंदांची फेरी जाहीर झाली. त्याआधी टायकनच्या टर्बो जीटी या सर्वोच्च मॉडेलने तिथे ७ मिनिटं ७.५५ सेकंद अशी वेळ दिली होती. एसयू७ अल्ट्राची किंमत चीनमधल्या टर्बो जीटीच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास होती. असे विक्रम मोडले जातात, परत मिळवले जातात. त्या दोन-तीन सेकंदांना फार महत्त्व द्यायचं कारण नाही. महत्त्व या गोष्टीला आहे की, गाड्यांच्या धंद्यात उतरून जेमतेम चार वर्षं झालेली कंपनी पोर्शेच्या अंगणात येऊन पोर्शेच्या बरोबरीने पळाली. पेट्रोलच्या जमान्यात हे कोणालाही शक्य झालं नसतं.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की, पोर्शेच्या नफ्याची घसरण इलेक्ट्रिकमुळे झालीच नाही. ती चीनमधल्या मंदीने आणि अमेरिकेच्या आयात शुल्काने झाली. या म्हणण्यात तथ्य आहे. पोर्शेने २०२१ साली चीनमध्ये ९५,६७१ गाड्या दिल्या होत्या, २०२४ मध्ये तो आकडा ५६,८८७ वर आला आणि २०२५ मध्ये ४२ हजारांच्याही खाली. तिथल्या घरबांधणी व्यवसायाचा फुगा फुटल्यावर पैसेवाल्यांनी हात आखडता घेतला, हे उघड आहे. अमेरिकेत पोर्शेचा एकही कारखाना नाही, प्रत्येक गाडी जहाजाने जाते, त्यामुळे ट्रम्प प्रशासनाच्या शुल्काचा पूर्ण फटका तिला बसला. पण मंदीचं कारण पुरेसं असतं तर पोर्शेच्या सगळ्या गाड्या सारख्याच पडल्या असत्या. तसं झालं नाही. २०२३ साली ४०,६२९ टायकन गेल्या होत्या; २०२४ मध्ये त्या २०,८३६ झाल्या, जवळजवळ निम्म्या. नवं मॉडेल येण्याच्या मधल्या काळात विक्री मंदावली, असं कंपनीने सांगितलं, आणि त्या वर्षापुरतं ते पटण्यासारखं होतं. मात्र २०२५ मध्ये नवं मॉडेल, मोठी बॅटरी, १८ मिनिटांत दहापासून ऐंशी टक्क्यांपर्यंत चार्जिंग असं सगळं हाताशी असताना आकडा आणखी घसरून १६ हजारांवर आला. याच दोन वर्षांत ९११ पन्नास हजारांच्या वर राहिली आणि थोडी वाढलीही. चीनमधल्या ग्राहकाने महागडी गाडी घेणं कमी केलं हे खरं. पण त्यातही ज्या प्रकारात त्याला घरची, स्वस्त आणि तितकीच वेगवान गाडी मिळत होती, तिथे त्याने पोर्शेकडे अगदी पाठ फिरवली.

दुसरा आक्षेप नेमका उलट दिशेने येतो. इलेक्ट्रिक पोर्शे विकली जात नाही म्हणता, तर मग इलेक्ट्रिक मॅकानचं काय? २०२५ साली कंपनीच्या सर्वाधिक खपलेल्या या छोट्या एसयूव्हीच्या ८४ हजारांहून अधिक गाड्या गेल्या आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त इलेक्ट्रिक होत्या. सायबर सुरक्षेच्या नव्या नियमांमुळे युरोपीय संघात पेट्रोलची मॅकान २०२४ पासून मिळेनाशी झाली होती, तेव्हा या यशाचा काही भाग सक्तीचा आहे. तरीही उरलेला भाग खरा आहे आणि तो माझ्या म्हणण्याला बळच देतो. मॅकान घेणारा माणूस तिच्यातून मुलांना शाळेत सोडतो, कामाला जातो, सुट्टीत स्कीइंगला जातो. त्याला शांतपणा, सोय, अंगभूत डौल हवा असतो, आणि इलेक्ट्रिक गाडीत हे सगळं पेट्रोलपेक्षा चांगलं मिळतं. वेग हे त्याच्या खरेदीचं मुख्य कारण नव्हतंच, म्हणून वेग स्वस्त झाल्याने त्याचं काही बिघडलं नाही. ज्या गाडीची किंमत वेगावर आणि हौसेवर उभी होती, तिथे पायाच हलला.

तिसरा आक्षेप इतिहासाचा आहे, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. पोर्शेचे भक्त प्रत्येक बदलावर आधी बोंब मारतात, मग रांगेत उभे राहतात. १९९७-९८ च्या सुमारास ९११ चं हवेने थंड होणारं इंजिन जाऊन पाण्याने थंड होणारं आलं तेव्हा गाडीचा आत्मा गेला म्हणून केवढा गहजब झाला. २००२ मध्ये कायेन आली तेव्हा स्पोर्ट्स कार बनवणाऱ्याने एसयूव्ही करावी याचा संताप झाला. त्याच कायेनने पुढे कंपनीचा खर्च भागवला. मग विजेचा बदलही काही वर्षांत अंगवळणी पडणार नाही कशावरून? पडेलही. पण त्या जुन्या बदलांत आणि या बदलात एक फरक आहे. पाण्याने थंड होणारं इंजिन आलं तरी ते पोर्शेचंच, त्याच घडणीचं, दुसऱ्या कोणाला न जमणारं इंजिन होतं. गाडी अधिक वेगवान झाली आणि तो जादा वेग बाजारात इतरत्र स्वस्तात मिळत नव्हता. कंपनीची मक्तेदारी त्या बदलाने घट्ट झाली. विजेने ती सैल केली. भक्तांच्या नाराजीवर काळ हा इलाज आहे. मक्तेदारी गेल्यावर काळ काही करत नाही.

हा पेच एकट्या पोर्शेचा नाही. क्रोएशियाचे माटे रिमाट्स यांनी २००९ साली कंपनी काढली आणि नेव्हेरा नावाची विजेची अतिवेगवान गाडी बनवली. पोर्शेने त्यांच्या कंपनीत भागीदारी घेतली, आणि २०२१ पासून बुगाटीचा कारभारही त्यांच्याकडे आला. १५० नेव्हेरा बनवायच्या होत्या. २०२४ साली रिमाट्स यांनी मोकळेपणाने सांगितलं की, त्या श्रेणीतल्या ग्राहकाला इलेक्ट्रिक गाडी नको आहे. त्यासाठी त्यांनी घड्याळाचा दाखला दिला: स्मार्ट वॉच अचूक असतं आणि हजार कामं करतं, पण त्यासाठी दोन लाख डॉलर कोणी देणार नाही, यांत्रिक घड्याळासाठी देतात. याच नेव्हेराच्या बॅटरी आणि मोटरवर इटलीत ‘बात्तिस्ता’ ही गाडी बनली, आणि ती बनवणारी आउटोमोबिली पिनिनफारिना ही कंपनी मुंबईच्या महिंद्र समूहाची आहे. म्हणजे १,९०० अश्वशक्तीची, सुमारे वीस लाख युरोंची बात्तिस्ता आणि चाकणची बीई ६ या दोन्ही एकाच घराण्याच्या. या दोन टोकांमध्ये वेगाचा फरक आहे, पण तो फरक किमतीतल्या दरीच्या मानाने फारच थोडा. इकडे फेरारीने ९ ऑक्टोबर २०२५ ला मारानेल्लोमध्ये आपल्या पहिल्या इलेक्ट्रिक गाडीची यंत्रणा दाखवली: चार मोटर, १२२ किलोवॅट-तासांची बॅटरी, हजाराहून अधिक अश्वशक्ती. खोटा इंजिनाचा आवाज स्पीकरवरून वाजवण्याऐवजी आसाजवळच्या संवेदकाने मोटरची खरी थरथर टिपायची आणि इलेक्ट्रिक गिटारसारखी मोठी करून ऐकवायची, असा त्यांचा मार्ग आहे. मला तो प्रामाणिक वाटतो. त्याच दिवशी फेरारीने २०३० साठीचं इलेक्ट्रिक मॉडेलांचं लक्ष्य चाळीस टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आणलं, आणि नफ्याचे अंदाजही बेताचेच दिले. शेअर एका दिवसात पंधरा टक्क्यांच्या आसपास पडला. लॅम्बोर्गिनीनेही आपली इलेक्ट्रिक गाडी आधीच पुढे ढकलली होती.

रिमाट्स यांच्या घड्याळाच्या दाखल्यातून सगळे जण आवाज, स्पर्श, परंपरा हे धडे घेतात. मला त्यात दुसरीच गोष्ट दिसते. यांत्रिक घड्याळ आजोबांकडून नातवाकडे जातं. स्मार्ट वॉच पाच वर्षांत मेलेल्या बॅटरीसह कपाटात पडतं. महागड्या यंत्रासाठी माणूस पैसे मोजतो, ते यंत्र त्याच्यामागे उरेल या भरवशावर. पोर्शे हे सर्वांत चांगलं जाणते. आजवर बनलेल्या आपल्या गाड्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक अजून शाबूत आहेत, असा तिचा जुना दावा आहे, आणि १९५० च्या दशकातल्या ३५६ या मॉडेलसाठीसुद्धा सुटे भाग पुरवणारा तिचा स्वतंत्र विभाग आहे. ९११ जुनी झाली की तिची किंमत फार उतरत नाही, कित्येकदा वाढते. त्याचं मूळ या पुरवठ्यात आहे. टायकनचं उलट झालं. अमेरिकेच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात पाच वर्षांत ९११ ची किंमत साधारण पाचव्या हिश्श्याने उतरते आणि टायकनची निम्म्याहून जास्त. टायकनच्या मूळच्या मोठ्या बॅटरीत ३३ मॉड्यूल आणि ३९६ सेल आहेत. त्यांची हमी आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांत जे आधी होईल तिथपर्यंत. मॉड्यूल सुटं बदलता येतं, ही रचना चांगलीच आहे. पण त्याच आकाराचे, त्याच रसायनाचे सेल पंधरा वर्षांनी कोण बनवत असेल, आणि नवे वेगळे सेल बसवले तर गाडीचं सॉफ्टवेअर त्यांना ओळखेल का, याचं उत्तर विकत घेणाऱ्याकडे नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये पोर्शेने सेलफोर्स या आपल्या उपकंपनीमार्फत स्वतः सेल बनवायचा बेतही गुंडाळला. त्यामुळे ही जबाबदारी आता पुरवठादारांशी करार करूनच निभवावी लागणार.

यावर म्हटलं जाईल की, टायकन घेणारा तीन वर्षांत गाडी बदलतो, त्याला पंधराव्या वर्षाची फिकीर कशाला. जर्मनीत अशा बहुतेक गाड्या भाडेपट्ट्याने घेतल्या जातात, आणि भाडेपट्ट्याचा मासिक हप्ता ठरतो तो तीन वर्षांनी गाडी किती किमतीला जाईल यावर. दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या मनातली भीती पहिल्या गिऱ्हाइकाच्या खिशातून वसूल होते. दुसरं कोणी म्हणेल, बॅटरी दरवर्षी स्वस्त होत आहेत, पुढे काहीतरी मार्ग निघेलच. सेल स्वस्त होतील, हे मान्य. पण अंग मोजून शिवलेल्या कपड्यासारखी प्रत्येक गाडीची बॅटरी तिच्या पेटीत, थंड करणाऱ्या नळ्यांत आणि नियंत्रकाच्या प्रोग्रॅममध्ये बेतलेली असते. ८०० व्होल्टच्या यंत्रणेला कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने हात लावणं जिवावरचं आहे, आणि सॉफ्टवेअरच्या किल्ल्या कंपनीकडे असतात. इथे मूळ कंपनीने शब्द दिल्याशिवाय मार्ग निघत नाही. तो शब्द देता येतो, याची उदाहरणंही आहेत. फेरारीने २०२४ साली आपल्या हायब्रीड गाड्यांसाठी अशी योजना आणली की, वर्गणी भरणाऱ्या मालकाची बॅटरी आठव्या आणि सोळाव्या वर्षी बदलून मिळेल. महिंद्रने बीई ६ च्या, आणि पुण्यात बनणाऱ्या हॅरियर ईव्हीच्या बाबतीत टाटांनी, खासगी वापराच्या पहिल्या मालकाला बॅटरीची आजीवन हमी दिली. त्यांच्या एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) सेलना चार्जिंगचे फेरे जास्त सोसतात आणि पोर्शेला लागतो तसा एकदम मोठा झोत त्यांना द्यावा लागत नाही, हा फरक ध्यानात ठेवायला हवा. पण म्हणूनच गोष्ट विचित्र दिसते: पंचवीस-तीस लाखांच्या गाडीला आयुष्यभराचा भरवसा आणि दीड-दोन कोटींच्या गाडीला आठ वर्षांचा.

पेट्रोलकडे पुन्हा वळून पोर्शेला श्वास घ्यायला वेळ मिळेल. ९११ चं २०२४ चं हायब्रीड रूप या दृष्टीने फार हुशारीचं आहे: फक्त १.९ किलोवॅट-तासांची छोटी बॅटरी, टर्बोलाच जोडलेली मोटर, पन्नास किलोंची वाढ आणि न्युरबर्गरिंगवर आधीच्या मॉडेलपेक्षा साडेआठ सेकंदांहून जास्त बचत. चिलीमध्ये पवनऊर्जेपासून कृत्रिम पेट्रोल बनवण्याचा तिचा प्रकल्प जुन्या गाड्यांना कामी येईल. नव्या गाड्यांसाठी तो फार खर्चीक आहे, कारण तीच वीज थेट बॅटरीत भरली तर गाडी कितीतरी पट लांब जाते. पण चीनसारखा मोठा बाजार विजेकडे गेला आहे आणि युरोपही त्याच वाटेवर आहे. इंजिनाच्या आधाराने काढलेली वर्षं ही मुदतवाढ आहे. त्या मुदतीत आणखी दोनशे अश्वशक्ती वाढवून काही साधणार नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या इलेक्ट्रिक कायेनच्या टर्बो मॉडेलमध्ये ११५६ अश्वशक्तीपर्यंत जोर आहे, आणि तरी तेवढ्याने ग्राहक खेचला जाईल असं मानायला आधार नाही.

पोर्शेने करायला हवं ते एकच आणि अवघड आहे. २०१९ च्या टायकनपासून पुढच्या प्रत्येक इलेक्ट्रिक गाडीला निदान तीस वर्षं बसेल अशी बॅटरी, तिचं सॉफ्टवेअर आणि ती बसवणारा कारागीर आपण पुरवू, असा लेखी शब्द तिने द्यावा. गाडी कितव्याही मालकाकडे असली तरी. त्याचा खर्च मोठा आहे, पण २०२५ च्या माघारीवर घातलेल्या पैशांच्या मानाने तो पेलण्यासारखा असावा. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे १८ फेब्रुवारी २०२७ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीला डिजिटल पासपोर्ट लागेल. बॅटरी कशाची बनली आणि तिची अवस्था काय, याची नोंद त्यात राहील, आणि जुनी गाडी घेणारा ती मागेल. पहिल्या टायकन गाड्या २०१९ च्या डिसेंबरात ग्राहकांकडे गेल्या. त्यांच्या बॅटरीची आठ वर्षांची हमी २०२७ च्या अखेरीस संपू लागेल.